झिरो एकच, प्लेन अनेक

तिरक्या फेसवरचं होल चुकलं की बहुतेक वेळा सगळा जॉब जातो, कारण ते ऑपरेशन शेवटी येतं. वरचा फेस, पॉकेट, बोअर, टॅपिंग सगळं मापात उतरलेलं असतं आणि शेवटचं एक होल पाव मिलिमीटर सरकलेलं निघतं. मग मशीनच्या अचूकतेवर शंका घेतली जाते. शोध घेतल्यावर मात्र अनेकदा असं दिसतं की प्रोग्रॅमरने कॅममध्ये धरलेलं झिरो आणि सेटरने मशीनवर घेतलेलं झिरो या दोन निराळ्या जागा होत्या. सरळ तीन अक्षांच्या कामात असा फरक पहिल्याच जॉबला उघड होतो, कारण सगळं एकाच बाजूला, तेवढंच सरकतं. जॉब कलला की तोच फरक काही वायमध्ये, काही झेडमध्ये वाटला जातो आणि दर कोनाला वेगळा वाटला जातो. चूक मापात दिसते, पण तिचं मूळ सापडत नाही.

भोसरी-चाकणपासून शिरोली, सातपूर, वाळूजपर्यंत अनेक वर्कशॉपमध्ये आता व्हीएमसीवर रोटरी टेबल किंवा ट्रनियन बसवलेला दिसतो, काही ठिकाणी पूर्ण पाच अक्षांची मशीनही. पण त्यांवरच्या बऱ्याचशा कामात पाचही अक्ष एकदम फिरवावे लागत नाहीत. टेबल एका कोनात वळवायचं, लॉक करायचं आणि पुढे नेहमीच्या तीन अक्षांत कापायचं. यालाच थ्री प्लस टू म्हणतात. हा लेख तेवढ्या कामापुरता आहे.

सेटिंग करताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. जॉब मशीनवर कुठे आहे, हा पहिला. टूल जॉबकडे कोणत्या दिशेने येतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वर्क ऑफसेट देतो, म्हणजे जी५४ वगैरे. ते काम सेटरचं. दुसऱ्याचं उत्तर टूल प्लेन देतं. ते काम प्रोग्रॅमरचं. एका पकडीत जॉबचं झिरो एकदाच घ्यावं आणि सगळी तिरकी प्लेन त्या एका झिरोपासून गणिताने काढावीत, असा माझा आग्रह आहे. फेस वळवून वर आणला की त्यावर पुन्हा एज फाइंडर लावून नवं झिरो घ्यायची सवय अनेकांना असते. ती सोडावी. प्रत्येक नव्या झिरोबरोबर नवी चूक येते आणि दोन फेसमधलं नातं तुटतं. ड्रॉइंगला तर नेमकं तेच नातं हवं असतं.

सुरुवात ड्रॉइंगपासून करा. कोन आडव्या पृष्ठभागापासून दिलाय की उभ्या? ३० आणि ६० अंशांची अदलाबदल इथेच होते. होलचं अंतर उतारावर मोजलंय की वरून बघताना आडवं? दोन फेस मिळतात ती कड जॉबवर खरोखर शिल्लक राहणार आहे की तिथे चॅम्फर येणार आहे? चॅम्फर येणार असेल तर मापं मूळ धारदार कडेपासून असतात आणि ती कड तयार जॉबवर कुठेच हाताला लागत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून झाल्याशिवाय संगणकासमोर बसू नये.

एक साधा ठोकळा घेऊ. लांबी १२० मिमी, रुंदी ८० मिमी, उंची ६० मिमी. व्हाइसचा स्थिर जबडा मागच्या बाजूला आहे आणि झिरो घेतलंय मागच्या डाव्या कोपऱ्यात, वरच्या फेसवर. म्हणजे जॉब एक्समध्ये ० ते १२०, वायमध्ये ० ते -८०, झेडमध्ये ० ते -६०. समोरच्या बाजूला ३० अंशांचा उतार हवा आहे. तो वाय -५० या रेषेपासून सुरू होतो आणि समोर उतरत जातो. शेवटच्या ३० मिमीत तो ३० गुणिले टॅन ३०, म्हणजे १७.३२१ मिमी खाली जातो. उतारावर मोजली तर त्या फेसची लांबी ३४.६४१ मिमी भरते. या फेसवर, कडेपासून उतारावर १५ मिमी अंतरावर, एक्सच्या मधोमध, फेसला काटकोनात एक होल आहे.

आता टूल प्लेन ठरवू. प्लेनला तीन गोष्टी लागतात: मूळ बिंदू, झेडची दिशा आणि एक्सची दिशा. झेड म्हणजे फेसमधून काटकोनात बाहेर येणारी, स्पिंडलकडे जाणारी दिशा. इथे ती जॉबच्या झेडपासून ३० अंश समोर झुकलेली आहे, म्हणजे एक्सभोवती अधिक ३० अंशांचं वळण. एक्स जॉबच्या एक्सलाच समांतर ठेवला. मग वाय आपोआप ठरतो आणि उतारावरून वर, मागच्या कडेकडे जातो. मूळ बिंदू कडेच्या मध्यावर धरू: जॉबच्या झिरोपासून एक्स ६०, वाय -५०, झेड ०. या प्लेनमध्ये होलची जागा येते एक्स ०, वाय -१५, झेड ०. ड्रॉइंगवरचा आकडा जसाच्या तसा. कडेवर मूळ बिंदू धरण्याचा फायदा हाच की ऑपरेटर ड्रॉइंग हातात धरून स्क्रीनवरचे आकडे ताडून बघू शकतो.

पडताळणीसाठी तोच बिंदू जॉबच्या झिरोपासूनही काढून ठेवा. वाय होतो -५० वजा १५ गुणिले ०.८६६, म्हणजे -६२.९९०, झेड होतो वजा १५ गुणिले ०.५, म्हणजे -७.५००. सीएमएमवर मोजणाऱ्याला हे आकडे लागतात आणि कॅममध्ये प्लेन उलटं पडलं असेल तर ते इथेच पकडलं जातं.

फानुक कंट्रोलवर तिरक्या प्लेनची सोय घेतलेली असेल तर हेच प्लेन एका ओळीत सांगता येतं: जी६८.२ एक्स६०.० वाय-५०.० झेड०.० आय०.० जे३०.० के०.०. पुढच्या ओळीत जी५३.१ दिलं की रोटरी अक्ष फिरतात आणि टूल त्या फेसला काटकोनात येतं. त्यानंतर जी४३ ने टूलची लांबी, मग एक्स-वाय आणि सगळ्यात शेवटी झेड. काम संपल्यावर टूल वर नेऊन जी६९. हा क्रम पाठ असावा. जी५३.१ च्या वेळी टेबल फिरतं, तेव्हा टूल जॉबपासून, व्हाइसपासून आणि क्लॅम्पपासून पूर्ण दूर असलं पाहिजे. म्हणून त्याआधी झेड मशीनच्या वरच्या टोकाला नेणं कधीही टाळू नये. सिमेन्सवर हेच काम सायकल८०० करते. हायडेनहाइनवर प्लेन स्पेशियल वापरतात आणि तिथे आपलं उदाहरण एसपीए अधिक ३०, एसपीबी ०, एसपीसी ० असं लिहिलं जातं.

जी६८.२ मधले आय, जे, के हे एक्स, वाय, झेडभोवतीचे कोन आहेत असा समज सर्रास आढळतो आणि त्यातून मोठं नुकसान होतं. ते ऑयलर कोन आहेत. आधी मूळ झेडभोवती आय, मग वळलेल्या एक्सभोवती जे आणि शेवटी नव्या झेडभोवती के. आपल्या ठोकळ्यात वळण एक्सभोवतीच असल्याने जे३० पुरलं. आता उतार उजवीकडे असता, म्हणजे वायभोवती अधिक २० अंशांचं वळण असतं, तर जे२० लिहून चाललं नसतं. आय९० जे२० के-९० लिहावं लागलं असतं. यातला के-९० विसरला तर फेस बरोबर वर येतो, पण त्या प्लेनचे एक्स आणि वाय ९० अंशांनी फिरलेले राहतात. मूळ बिंदूवरचं एकटं गोल होल तरीही जागेवर पडतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पुढच्या जॉबला तिथे पॉकेट किंवा चार होलांचा पॅटर्न आला की तो आडवा पडतो. हायडेनहाइनमध्ये कोन थेट एक्स, वाय, झेडभोवतीचे देता येतात, त्यामुळे दोन्ही कंट्रोलवर काम करणाऱ्याने विशेष सावध राहावं.

कॅममध्ये हेच विचार वेगळ्या नावांनी येतात. मास्टरकॅमच्या प्लेन्स मॅनेजरमध्ये डब्ल्यूसीएस, सी आणि टी असे रकाने असतात. डब्ल्यूसीएस म्हणजे जॉबचं मूळ. ते सेटरच्या झिरोशी तंतोतंत जुळलं पाहिजे. टी म्हणजे टूल प्लेन. सी प्लेन रेखाटनासाठी असतं. एका पकडीतल्या सगळ्या ऑपरेशनचं डब्ल्यूसीएस एकच ठेवा आणि फक्त टी बदला. वर्क ऑफसेटच्या रकान्यात -१ राहिलं असेल तर ऑफसेट निवडायचं काम पोस्टवर जातं, आणि काही पोस्ट नव्या प्लेनला जी५५, त्यापुढच्याला जी५६ देऊन टाकतात. मशीनवर जी५५ मध्ये मागच्या आठवड्याच्या जॉबचे आकडे पडलेले असतात. पुढे काय होतं ते सांगायला नको. जी६८.२ वापरणाऱ्या मशीनसाठी सगळ्या प्लेनना ० लिहा, म्हणजे जी५४ कायम राहील. फ्यूजनमध्ये सेटअपचं डब्ल्यूसीएस एक असतं आणि प्रत्येक ऑपरेशनमध्ये टूल ओरिएंटेशन वेगळं देता येतं. कोणतंही सॉफ्टवेअर असो, पोस्ट झालेल्या प्रोग्रॅममध्ये जी५४, जी५५ शोधून बघायला अर्धं मिनिट लागतं. ते बघाच.

आता अशा मशीनकडे वळू जिथे जी६८.२ ची सोय नाही. साध्या व्हीएमसीवर ए अक्षाचं टेबल नंतर बसवलेलं असलं की बहुधा हीच स्थिती असते. टेबल फिरलं की जॉबचं झिरो फिरण्याच्या केंद्राभोवती कमान घेत दुसरीकडे जातं, पण जी५४ जुन्याच जागी राहतो. अशा वेळी दोन वाटा आहेत. एक, कॅममधलं मूळच फिरण्याच्या केंद्रावर धरायचं. मग पोस्ट सगळे आकडे केंद्रापासून काढतं आणि एकच ऑफसेट पुरतो. पण मग जॉब केंद्रापासून नेमका कुठे बसलाय ते कॅममध्ये खरं असावं लागतं, म्हणजे फिक्श्चर पक्कं हवं. दुसरी वाट, प्रत्येक कोनासाठी नव्या ऑफसेटचं गणित करायचं.

हे गणित एकदा हाताने करून बघावं. समजा आपलं झिरो ए अक्षाच्या केंद्रापासून वायमध्ये अधिक २५ आणि झेडमध्ये अधिक ८५ मिमीवर आहे. समोरचा उतार वर आणायला जॉब ३० अंश मागे वळला. नवा वाय म्हणजे २५ गुणिले कोसाइन ३० अधिक ८५ गुणिले साइन ३०: २१.६५१ अधिक ४२.५००, एकूण ६४.१५१. नवा झेड म्हणजे ८५ गुणिले कोसाइन ३० वजा २५ गुणिले साइन ३०: ७३.६१२ वजा १२.५००, एकूण ६१.११२. म्हणजे झिरो वायमध्ये अधिक दिशेला ३९.१५१ ने सरकलं आणि झेडमध्ये २३.८८८ ने खाली आलं. जी५४ च्या आकड्यांत एवढा फरक करून जी५५ भरला की ते झिरो पुन्हा हातात येतं. उत्तर तपासायची सोपी खूण अशी: केंद्रापासूनचं अंतर बदलता कामा नये. २५ आणि ८५ यांच्या वर्गांची बेरीज ७८५० येते, ६४.१५१ आणि ६१.११२ यांचीही, दशांशातला किरकोळ फरक सोडला तर, तेवढीच येते. हासच्या मशीनवर जी२५४ हेच गणित आतल्या आत करतो आणि झिरोला टेबलाबरोबर नेतो. जी२५५ ने ते बंद होतं.

चिन्हाबद्दल एक सूचना. अक्षाची धन दिशा टूलच्या हालचालीच्या दृष्टीने ठरवायची रीत आहे. टेबल फिरणारं असेल तर ए अधिक ३० म्हटल्यावर प्रत्यक्ष टेबल उलट्या बाजूला वळतं. शिवाय सगळे मशीन बनवणारे ही रीत पाळतातच असं नाही. नवीन मशीनवर पहिलं काम म्हणजे टूल न लावता टेबल ए अधिक १० ला नेऊन डोळ्यांनी बघणं, आणि कोणती बाजू वर आली ते मशीनवरच लिहून चिकटवणं. ट्रनियन दोन्ही बाजूंना सारखा वळतोच असंही नाही. एका बाजूला शंभर अंशांपलीकडे जाणारा ट्रनियन दुसऱ्या बाजूला तीसेक अंशांवर थांबतो. मग कंट्रोल सी अक्ष १८० अंश फिरवून दुसऱ्या बाजूने तोच फेस गाठतो. गणिताने ते बरोबर असतं, पण तुमचा क्लॅम्प त्या बाजूला उंच असेल तर टक्कर होते.

या सगळ्याचा पाया म्हणजे फिरण्याचं केंद्र. ते कंट्रोलमध्ये चुकीचं भरलेलं असेल तर वर सांगितलेलं कोणतंच गणित वाचवू शकत नाही. चूक किती पसरते ते बघा. केंद्र ०.०२ मिमीने चुकलं असेल तर ३० अंशांच्या वळणाला जॉब सुमारे ०.०१० मिमी सरकतो, ९० अंशांना ०.०२८ आणि १८० अंशांना पूर्ण ०.०४०. म्हणून केंद्र तपासताना टेबल शक्य तेवढं जास्त फिरवून बघावं. लहान कोनात चूक लपते. सी अक्षासाठी टेबलावर गोळा किंवा मॅन्ड्रेल बसवून ० आणि १८० अंशांवर त्याचा मध्य घ्या. दोन्हींचा मध्य म्हणजे केंद्र. ए अक्षाला १८० अंश मिळत नसतील तर ० आणि ९० अंशांवर गोळ्याचा मध्य घेऊन गणिताने केंद्र काढता येतं. स्पिंडल थंड असताना हे करू नका. सकाळी मशीन गरम करून, रोज ज्या वेगाने काम चालतं त्या वेगाने थोडा वेळ फिरवून मगच मोजा. टक्कर झाल्यानंतर तर, कितीही हलकी असली तरी, केंद्र तपासल्याशिवाय जॉब लावू नये.

कोनातली चूकही लांबीबरोबर वाढते. ०.०१ अंशाची चूक १०० मिमीवर ०.०१७ मिमी होते. जॉब टेबलापासून उंच धरला की होल्डरला मोकळी जागा मिळते आणि लहान टूल वापरता येतं, पण तो केंद्रापासून लांब जातो आणि हीच चूक मोठी होते. माझं मत असं की होल्डर बसेल एवढीच उंची द्यावी, त्याहून जास्त नको.

ज्यांच्याकडे रोटरी टेबलच नाही त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. साइन बार, स्लिप गेज आणि अँगल प्लेट यांवर फार नेमकं काम होतं. २०० मिमीच्या साइन बारला ३० अंशांसाठी बरोबर १०० मिमीच्या स्लिप लागतात. १०० मिमीच्या बारला १५ अंशांसाठी २५.८८२ मिमी, जे १.००२, १.३८ आणि २३.५ या तीन स्लिपमध्ये बसतं. ४५ अंशांच्या पुढे साइन बारची अचूकता घसरते, तेव्हा जॉब दुसऱ्या बाजूवर उभा करून कोटिकोन लावावा. इथे अडचण झिरोची असते, कारण कललेल्या जॉबची कड एज फाइंडरला नीट सापडत नाही. त्यावरचा उपाय टूलिंग बॉल. फिक्श्चरमध्ये रीम केलेल्या होलात गोल डोक्याची पिन बसवा, जॉब सपाट असतानाच तिच्या गोळ्याच्या मध्यापासून डेटमपर्यंतची अंतरं मोजून ठेवा. गोळा कोणत्याही कोनात गोळाच राहतो. कलवल्यावर त्याचा मध्य डायलने घ्या आणि वरच्याच साइन-कोसाइनने होलची जागा काढा.

पहिला जॉब कापण्याआधीच्या तपासणीत घाई नको. आपल्या ठोकळ्यात उतार अजून कापलेला नसताना जॉब वळवला, तर समोरची कच्ची कड प्लेनच्या झेड शून्याच्या १५ मिमी वर उभी असते. सरळ कामाच्या सवयीने रॅपिडची उंची ५ मिमी ठेवली असेल तर टूल थेट धातूत घुसेल. कॅममध्ये कच्च्या मालाचा आकार खरा भरला असेल तर हे सिम्युलेशनमध्ये दिसतं; नसेल भरला तर नाही. मग हाइट गेजने वरच्या फेसवर वाय -५० ची रेषा आखा. कोलेटमध्ये टोकदार पिन धरून तिची लांबी घ्या, सिंगल ब्लॉकवर, फीड कमी ठेवून तिरक्या प्लेनमध्ये एक्स० वाय० झेड१ वर आणा. टोक रेषेवर आणि रेषेपासून एक मिलिमीटर वर दिसलं पाहिजे. ही एक तपासणी ऑफसेट, केंद्र, कोनाची दिशा आणि टूलची लांबी या चारही गोष्टी एकदम पारखते.

कापताना उतारावर ०.२ मिमी माल ठेवा आणि कड कुठे आली ते मोजा. तिरका फेस काटकोनात जेवढा वर किंवा खाली राहतो, त्याच्या कितीतरी पट कड सरकते. ३० अंशांच्या उताराला ०.१ मिमीच्या चुकीने कड ०.२ मिमी हलते, १० अंशांच्या उताराला ०.५८ मिमी. याचा उपयोग दोन्हीकडे होतो. कडेचं माप घेऊन फेसची सूक्ष्म चूक मागे काढता येते: कडेचा फरक गुणिले साइन. आणि ड्रॉइंगवर कमी कोनाच्या फेसच्या कडेला अगदी घट्ट टॉलरन्स दिलेला असेल तर ते काम घेण्याआधीच ग्राहकाशी बोलता येतं. ०.२ मिमी ठेवलेल्या स्थितीत आपली कड वाय -५० ऐवजी -५०.४ वर यायला हवी. तशी आली तर पुढे जा. नाही आली तर दुरुस्ती जी५४ मध्ये करू नका, कारण त्याने वरच्या फेसची सगळी मापं हलतील. आधी केंद्र आणि टूलची लांबी बघा.

मध्येच वीज गेली किंवा ड्रिल तुटलं तर घाईने झेड वर घेण्याआधी मशीनचा प्रकार आठवा. टेबल वळणाऱ्या मशीनवर स्पिंडल उभाच असतो, त्यामुळे सरळ वर येणं सुरक्षित. स्पिंडलचं डोकं वळणाऱ्या मशीनवर मात्र मशीनचा झेड वर घेतला तर टूल होलात वाकून तुटतं. तिथे टूलच्या दिशेने जॉग करायची सोय वापरूनच बाहेर या.

प्रोग्रॅमर मित्रांना एक विनंती. प्रोग्रॅम पाठवताना सोबत एक पानाची सेटअप शीट मराठीत द्या. झिरोच्या कोपऱ्याचं हाताने काढलेलं चित्र, तिन्ही अक्षांचे बाण, प्रत्येक प्लेनचा मूळ बिंदू, त्या वेळी स्क्रीनवर दिसायला हवेत ते ए आणि सीचे आकडे, टूल होल्डरबाहेर किती हवं ते आणि टोकदार पिनच्या तपासणीची जागा एवढं त्यात असू द्या. रात्रपाळीच्या सेटरला तुम्हाला फोन न करता जॉब लावता आला पाहिजे.